खरारा

"बाबा, हात लावू नका!" मी जरा जोरातच म्हणाले. जिन्यावर आणखी पाचसहा माणसं होती, ती वळून बघायला लागली. बाबांनी उचललेला हात हळूच खाली घेतला आणि कोटाच्या खिशात घातला. पुढे दोन तास आम्ही त्या घरात होतो. खोल्या पाहिल्या, बागेतून हिंडलो, खाडीकडून येणारा गार वारा खात बाकावर बसलो, पण तो उजवा हात काही खिशातून बाहेर आला नाही. चहासुद्धा ते डाव्या हाताने प्यायले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला, स्वतःच्या बापाला, परक्या देशात चार लोकांसमोर मी लहान मुलासारखं दटावलं होतं. ते काही बोलले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं.

घर म्हणजे उत्तर आयर्लंडमधलं माउंट स्टुअर्ट. बेलफास्टहून गाडीने तासाच्या आत पोचता येतं. मी इथे राहायला आल्यापासून येईल त्या पाहुण्याला तिथे नेते. बहुतेकांना बाग आवडते. मी नेते ती एका चित्रासाठी. बारा फूट रुंद, जवळजवळ सात फूट उंच, आणि त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच घोडा. नाव हॅम्बलटोनियन. चित्रकार जॉर्ज स्टब्स. चित्र १८०० सालचं, आणि काढलं तेव्हा स्टब्स पंचाहत्तर वर्षांचा होता. म्हणजे बाबांच्याच वयाचा म्हणायचा.

चित्राला 'रबिंग डाउन' असं नाव आहे. त्याला मराठी शब्द शोधायला लागत नाही. खरारा.

पहिल्यांदा बघणाऱ्याला काहीतरी खटकतं आणि ते काय हे पटकन कळत नाही. घोडा उभा आहे, पण एका बाजूचे दोन्ही पाय जमिनीवर आणि दुसऱ्या बाजूचे दोन्ही उचललेले. असा घोडा उभा राहूच शकत नाही, तो पडेल. कान मागे पडलेले, तोंड उघडं, मानेवरच्या आणि पोटावरच्या शिरा टचटचीत. डोक्याशी उंच हॅट घातलेला एक माणूस लगाम धरून उभा. आणि घोड्याच्या पलीकडे, खांद्याशी, एक पोरगं. पागेतलं, मोतद्दाराच्या हाताखालचं. त्याने मान संपते तिथल्या उंचवट्यावरून आपला हात घोड्यावर टाकला आहे, मित्राच्या गळ्यात टाकावा तसा. गंमत अशी की ते दोघे घोड्याकडे बघतच नाहीत. सरळ आपल्याकडे बघतात. हसत नाहीत, रागावलेले नाहीत. आपण भलत्या वेळी दार उघडून आत आलो आहोत आणि आता काय ते लवकर आटपा, अशी ती नजर. मागे न्यूमार्केटचं, म्हणजे इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यतींच्या गावाचं, सपाट माळरान आहे. गर्दी नाही, टोप्या उडवणारं कोणी नाही, जिंकलेला जॉकीसुद्धा नाही.

जिंकला होता मात्र हाच. २५ मार्च १७९९, न्यूमार्केट. हॅम्बलटोनियन विरुद्ध डायमंड, दोघांचीच शर्यत, अंतर चार मैलांहून जास्त, पैज ३००० गिनींची, म्हणजे तेव्हाच्या सोन्याच्या नाण्यांची. हॅम्बलटोनियनचा मालक सर हेन्री व्हेन-टेम्पेस्ट. घोड्यावर फ्रँक बकल, त्या काळातला नावाजलेला जॉकी. शेवटी हॅम्बलटोनियन जिंकला तो अर्ध्या मानेने. चार मैल पळून अर्धी मान! दोन्ही घोड्यांना चाबकाने आणि टाचेच्या आरीने फोडून काढलं होतं, त्यातही हॅम्बलटोनियनला जास्त, असं तेव्हाच्या लोकांनीच लिहून ठेवलं आहे. सर हेन्रीने स्टब्सकडून दोन चित्रं मागवली, एक शर्यत जिंकतानाचं आणि एक हे, नंतरचं. आपल्या जिन्यावर पुढे दोनशे वर्षं विजय लटकावा अशी त्याची इच्छा असणार. लटकलं ते हे.

मी हे सगळं बाबांना गाडीत येतानाच सांगून टाकलं होतं. माझी ती खोड आहे, दाखवायच्या आधी सांगायचं. ते ऐकत होते, 'हं' म्हणत होते, खिडकीतून मेंढ्या बघत होते. चित्रासमोर उभे राहिल्यावर त्यांचा पहिला शब्द होता, "कुमाईत आहे." तांबूस-तपकिरी अंग, आयाळ आणि पाय काळे, अशा घोड्याला कुमाईत म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण बाबांच्या तोंडून तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आणि मग तो हात वर गेला, आणि मी ओरडले.

परतीच्या रस्त्यावर न्यूटनआर्ड्स मागे पडेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. मग बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "त्याला उभं का केलंय पण? फिरवायला हवं होतं."

मला आधी कळलंच नाही.

"अगं, एवढा पळालेला घोडा. त्याला असा एकदम थांबवत नाहीत. आधी सावकाश चालवायचं, धाप बसेपर्यंत. मग खरारा. अंग तापलेलं असताना उभा केला तर आखडतो."

या चित्रावर लिहिलेलं बरंच काही मी वाचलं होतं. त्या अशक्य उभ्या राहण्याबद्दल, त्या दोन नजरांबद्दल, शोकांतिकेतल्या नायकाच्या तोलाच्या घोड्याबद्दल. पण इथे उभं करायला नको होतं, चालवायला हवं होतं, ही साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आणि खरंच, एकदा हे ऐकल्यावर ते उचललेले दोन पाय वेगळे दिसायला लागतात. तो घोडा चालायलाच बघतो आहे. त्याला कोणीतरी धरून ठेवलं आहे.

स्टब्सला हे माहीत नसेल का? घोड्याबद्दल त्याला माहीत नव्हतं असं फार थोडं उरलं होतं. तो लिव्हरपूलचा. बाप कातडी कमावणाऱ्यांच्या धंद्यातला, कमावलेलं कातडं चोळून, तेलचरबी जिरवून मऊ करणारा. पोरवयात जॉर्ज त्याच्या हाताखालीच होता. इंग्रजीत कातडं असं चोळून तयार करणं आणि घोड्याला खरारा करणं या दोन्हींना एकच क्रियापद आहे, 'करी'. आपल्या आमटीशी त्याचा संबंध नाही. हे मला कळलं त्या दिवसापासून मला वाटतं की हा माणूस घोड्याकडे आयुष्यभर हाताने बघत आला, डोळ्यांनी नंतर. १७५६ साली, बत्तिसाव्या वर्षी, तो लिंकनशरमधल्या हॉर्कस्टो नावाच्या गावात एका शेतघरात जाऊन राहिला. दीड वर्ष. सोबत त्याची सहचरी मेरी स्पेन्सर. तिथे मेलेले घोडे लोखंडी आकड्यांना, छताखालच्या दांडीला टांगून, उभे असावेत तसे ठेवून, एकेक थर सोलत तो चित्रं काढत होता. रक्तवाहिन्यांत वितळलेली चरबी भरायची म्हणजे त्या फुगलेल्या राहतात. आधी कातडी, मग स्नायूंचा एक थर, मग त्याखालचा, असं करत हाडांपर्यंत. एक घोडा अकरा आठवडे पुरला म्हणतात. तो वास, त्या माश्या, आणि त्या घरात त्याच्याबरोबर दीड वर्ष काढणारी ती बाई, याची कल्पना करायला गेलं की माझं मन थोड्या वेळाने मागे फिरतं. लंडनमध्ये त्या चित्रांचे ठसे कोरायला कोणी तयार होईना, तेव्हा तेही तो स्वतःच शिकला आणि १७६६ साली 'घोड्याची शरीररचना' हे त्याचं पुस्तक निघालं.

म्हणजे हॅम्बलटोनियन काढताना त्या कातडीखाली काय काय आहे हे त्याला चाळीस वर्षांपासून पाठ होतं. तरी त्याने घोडा पडेल असा उभा केला. चूक ती नव्हे.

व्हिसलजॅकेट मी त्याआधी लंडनला नॅशनल गॅलरीत पाहिला होता. स्टब्सचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र, १७६२ च्या सुमाराचं. मागच्या दोन पायांवर उठलेला सोनेरी तांबूस घोडा, मागे काही म्हणजे काही नाही, नुसता फिकट रंग. जमीन नाही, आकाश नाही, खोगीर नाही, माणूस नाही. १९९७ साली गॅलरीने तो १ कोटी १० लाख पौंडांना घेतला. त्याच्यासमोर कायम गर्दी असते, आणि तो दिसतोही तसाच, कुणाचाच नसलेला. मीही तिथे हरखून उभी राहिले होते. पण घरी आल्यावर तो माझ्या मनात फार काळ राहिला नाही. अंगावर माणसाचा हात नसलेला घोडा मला नीट कळत नाही की काय कोण जाणे. स्टब्सची मला जवळची वाटणारी चित्रं सगळी या पागेतल्या माणसांची आहेत. न्यूमार्केटच्या माळावर तेव्हा विटांच्या छोट्या खोल्या असायच्या, शर्यतीनंतर घोड्यांना पुसायसाठी. गिमक्रॅक नावाच्या लहानखुऱ्या करड्या घोड्याच्या १७६५ च्या चित्रात लांब मागे शर्यत चालू आहे, गिमक्रॅक पुढे आहे, आणि स्टँड रिकामा. पुढे मात्र तोच गिमक्रॅक त्या खोलीपाशी उभा आहे आणि एक पोरगं खाली बसून त्याला पुसतं आहे. घोडा एकाच चित्रात दोनदा. जिंकतो आहे तो नखाएवढा, पुसून घेतो आहे तो मोठा. त्याने ती खोली नुसतीही काढून ठेवली आहे, घोडा नाही, माणूस नाही, भिंत आणि माळ फक्त. ज्या जागेकडे शर्यतीला आलेल्या कुणी मान वळवून बघितलं नसेल, तिथे हा माणूस रंगांची पेटी घेऊन बसला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या रात्री जेवण झाल्यावर बाबा बोलले. विचारलं नव्हतं मी.

आजोबांचा टांगा मिरज स्टेशनबाहेर लागायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत. घरात त्याची एक गोड गोष्ट झालेली होती. तांबडी नावाची घोडी, तिला गूळ किती आवडायचा, आजोबांचं पाऊल ती कसं ओळखायची, चंदीचा, म्हणजे तिच्या दाण्याचा, जुना रॉकेलचा डबा नुसता हलवला तरी कान कशी टवकारायची. रिक्षा आल्या, टांगा गेला, बाबा शिकले, बँकेत लागले. एवढंच. त्या रात्री बाबांनी जे सांगितलं ते या गोष्टीत कधी नव्हतं.

बाबा दहाअकरा वर्षांचे असतील. लग्नसराई. सांगलीहून एक वऱ्हाड रात्रीच्या गाडीसाठी मिरजेला आणायचं होतं. दिवसभरात तांबडीच्या तीन फेऱ्या आधीच झालेल्या. टांग्यात माणसं जास्त, ट्रंका, वर वळवाचा पाऊस. अर्ध्या वाटेत ती थांबली. गाडी चुकली असती. वऱ्हाडातल्या एकाने दुप्पट भाडं कबूल केलं. आजोबांनी आधी चाबूक वापरला, मग चाबूक उलटा धरून दांडा. बाबा पुढे आजोबांच्या पायाशी बसले होते. "मी मोजत होतो," ते म्हणाले. "का मोजत होतो माहीत नाही. एकोणीस." गाडी मिळाली. दुप्पट भाडंही मिळालं. स्टेशनवर आजोबांनी तांबडीला सोडली, आणि बाबांना म्हणाले, हिला घेऊन जा, फिरव, धाप बसली की खरारा कर. आणि ते स्वतः नळाशी जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिले.

मग बाबांनी मला खरारा कसा करतात ते सांगितलं, आमच्या बेलफास्टच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, रात्री साडेअकराला. आधी नाकपुड्या ओल्या फडक्याने पुसायच्या, फेस काढायचा. पाणी दोनच घोट, मग थांबायचं. मग सुक्या गवताची पेंडी पिळून घट्ट बोळा करायचा आणि मानेपासून मागे, केसांच्या दिशेने, अंगाचा भार देऊन चोळत जायचं. लोखंडी दात्यांचा खरारा नंतर, घाम सुकल्यावर, आणि तो हाडाच्या जागी लावायचा नाही. कान मुळापासून टोकापर्यंत हातातून ओढून घ्यायचे. कान गार लागले तर घोडा अजून सावरलेला नाही. सगळ्यात शेवटी पोट, कारण तिथे तिला गुदगुल्या व्हायच्या. "वळ आले असतील तिथे बोळा न्यायचा नाही," ते म्हणाले. "तिथे नुसता तळवा ठेवायचा. ती कातडी थरथरवायची तिथली. माशी बसल्यावर थरथरवतात ना, तशी. माझा हात होता तो, माशी नव्हती. तरी."

बाही घामाने भिजायची. आजी तो शर्ट घरात घेऊ द्यायची नाही, बाहेर दांडीवर टाकायला लावायची. पण वास हाताला राहायचा.

मला आजोबा आठवतात ते खाटेवर बसलेले, नातवंडांच्या केसांतून बोटं फिरवणारे. त्यांच्या बोटांना मऊपणा होता. त्या हाताला मी आता काय म्हणू? बाबांना विचारलं, राग आला होता का तुम्हाला त्यांचा? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या दुप्पट भाड्यातून मला वह्या आल्या." आणि झोपायला गेले.

सर हेन्रीने स्टब्सचे पैसे दिले नाहीत. स्टब्सने ३०० गिनी मागितल्या होत्या. प्रकरण कोर्टात गेलं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेला म्हातारा जिंकला. शर्यतीवर ३००० गिनी लावणारा माणूस चित्राचे ३०० द्यायला का कू करत होता, याला पैशाची कारणं असतीलही. मला मात्र राहून राहून वाटतं की त्याने चित्राकडे पाहिलं असेल आणि त्या दोन माणसांनी त्याच्याकडे पाहिलं असेल. आपण जिथे उभे राहतो तिथेच मालक उभा राहणार होता. ती नजर आधी त्याच्यासाठी आहे, आपण नंतर आलो. पुढे त्याची मुलगी लंडनडेरीच्या घराण्यात लग्न होऊन गेली आणि तिच्यामागून चित्र माउंट स्टुअर्टला आलं. गिमक्रॅकचं ते चित्र २०११ साली लंडनच्या लिलावात २ कोटी २४ लाख पौंडांना गेलं. स्टब्स १८०६ साली गेला.

चित्राच्या नावात फक्त घोडा आहे. पोरगं नाही.

बाबा परत गेले त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा तिथे गेले, एकटीच. पाऊस होता, माणसं कमी होती. बाबा उभे होते तिथेच मी उभी राहिले. या वेळी घोड्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. त्या पोराचा हात बघत राहिले. तो हात थोपटत नाही. चोळत नाही. धरूनही ठेवत नाही. नुसता ठेवलेला आहे, सगळं वजन टाकून, जणू तोही दमला आहे. घोडा त्या क्षणी त्याला झिडकारूही शकला असता, कान मागे पडलेलेच आहेत. त्याला हे माहीत आहे, तरी हात तिथेच आहे. वळ असतील तिथे चोळायचं नाही, नुसता तळवा ठेवायचा.

मी तिथूनच बाबांना फोन लावला. मिरजेत संध्याकाळ झाली असणार, मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. म्हटलं, बाबा, मी चित्रापाशी आहे. त्या दिवशी मी उगीच ओरडले तुमच्यावर.

"अगं, मी हात लावतच नव्हतो," ते म्हणाले. म्हणजे त्यांनाही आठवत होतं. "मी उंची बघत होतो. एवढा मोठा घोडा, आणि ते पोरगं केवढंसं. त्याचा हात वरपर्यंत पोचला कसा, ते बघत होतो. माझा तांबडीच्या मानेपर्यंत पोचायचा नाही."

"मग तुम्ही काय करायचात?"

"चंदीचा डबा होता ना," बाबा म्हणाले. "तो पालथा घालायचो."